वायर सुटली, बॅटरी गळ्यात पडली



पावसाळा उघडला, ठिबकच्या जोडण्या, शेडनेटची डागडुजी, गोठ्याचे पत्रे अशी कामं निघाली की एक प्रश्न हमखास येतो. बॅटरीचं ड्रिल घ्यायचंय, कोणतं घेऊ? कुणी १२ व्होल्टचं सांगतं, कुणी १८, कुणी २१. बाजारात तर ४८ आणि ८८ छापलेली खोकीही दिसतात. एका ओळीत उत्तर देता येईल, पण ते पटणार नाही. म्हणून आज जरा इतिहासात जाऊ. माझं मत आधीच सांगतो: बिनवायरच्या ड्रिलचा इतिहास मशीनचा कमी आणि बॅटरीचा जास्त आहे. हे ज्याला कळलं त्याचे पैसे सहसा बुडत नाहीत.

भोक पाडायची विद्या आपल्याकडं जुनी आहे. बलुचिस्तानात मेहरगढला साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचे माणसाचे दात सापडले, त्यात चकमकीच्या टोकानं कोरलेली भोकं होती. सुताराचा सामता, म्हणजे दोरीच्या धनुकलीनं फिरवायचं हत्यार, त्याच घराण्यातला. नंतर गिरमिट आलं. या सगळ्यांत ताकद माणसाच्या दंडाची. दंड थकला की काम थांबलं.

विजेचं पहिलं ड्रिल ऑस्ट्रेलियातलं. १८८९ साली मेलबर्नला आर्थर अर्नोट आणि विल्यम ब्रेन या दोघांनी त्याचं पेटंट घेतलं. ते खाणकामासाठीचं अवजड धूड होतं. हातात धरून चालवायचं ड्रिल १८९५ साली जर्मनीत, श्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं बनवलं. १९०२ साली अमेरिकेत आर्थर जेकब्सनं चावीनं आवळायच्या चकचं पेटंट घेतलं. आजही वायरवाल्या ड्रिलची चावी हरवली की आपण घरभर शोधतो ना, ती त्याचीच देणगी.

मग आले ब्लॅक आणि डेकर. १९१० साली बाल्टिमोरला दोघांनी थोड्याशा भांडवलावर वर्कशॉप काढलं. त्यांच्या ड्रिलला पिस्तुलासारखी मूठ होती आणि बोटाखाली घोडा. १९१७ साली त्याचं पेटंट मिळालं. शंभर वर्षं झाली, मूठ तीच आहे. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातले कामगार ही ड्रिलं घरच्या कामाला नेऊ लागले, हे कंपनीच्या ध्यानात आलं आणि १९४६ साली खास घरगुती ड्रिल बाजारात आलं.

आपल्याकडं मुलुंडच्या राल्लीवुल्फचं नाव जुन्या फिटरच्या तोंडी अजून आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळचं केपीटी, म्हणजे कुलकर्णी पॉवर टूल्स. उसाच्या पट्ट्यात पॉवर टूलचा कारखाना, हे मला नेहमीच कौतुकाचं वाटतं. पण ही यंत्रं नावारूपाला आली ती वायरवरच. आणि वायरची अडचण शेतकऱ्याला सांगायला नको. थ्री-फेज लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. ड्रिलला लागतं सिंगल फेज, आणि सबमेन टाकलेली असते विहिरीपासून चार-पाचशे फुटांवर. म्हणजे जनरेटर तरी न्या नाहीतर वायरीचं भेंडोळं. शहरातल्या माणसाला बिनवायरचं ड्रिल ही सोय वाटते. शेतात ती गरज आहे.

ती वायर तोडायला १९६१ साल उजाडलं. ब्लॅक अँड डेकरनं निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारं पहिलं बिनवायरचं ड्रिल बाजारात आणलं. लगेच पुढच्या वर्षी त्यांनी कुंपण छाटायची बॅटरीची कात्री आणली. म्हणजे घराबाहेर वीज नसते ही गोष्ट त्यांनाही पहिल्याच वर्षी कळली होती.

निकेल-कॅडमियमचा शोध तसा १८९९ चा, स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरचा. पण ती बॅटरी पूर्ण बंद डब्यात बसवायला पुढची चाळीस-पन्नास वर्षं गेली. तिचा एक सेल फक्त १.२ व्होल्ट देतो. वायरवालं ड्रिल सहज पाचशे-सहाशे वॅट ओढतं. मुठीत मावतील एवढ्या सेलांमधून ती ताकद निघणं त्या काळी अशक्यच. सुरुवातीची ड्रिलं त्यामुळं लाकडात बारीक भोक पाडण्यापुरतीच होती. मोटर बनवणं लोकांना येत होतं. अडलं होतं ते बॅटरीपाशी.

इथं एक गैरसमज दूर करतो, कारण तो मोबाईलवर फार फिरतो. बिनवायरचं ड्रिल नासानं शोधलं नाही. ते आधीच विकायला होतं. नासाला चंद्रावर जमिनीत खोल भोक पाडायचं होतं आणि तिथं प्लग कुठून आणणार? म्हणून त्या ड्रिलच्या मोटरचं काम ब्लॅक अँड डेकरकडं गेलं. कमीत कमी वीज खाऊन जास्तीत जास्त ताकद कशी काढायची, याचा हिशेब त्यांनी कॉम्प्युटरवर मांडला. बॅटरी चांदी-जस्ताची घेतली, महाग पण वजनाला हलकी.

१९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं ते ड्रिल चंद्रावर चालवलं. ठरलं होतं तीन मीटर, अडकलं दीड मीटरच्या आसपास. कारण ऐका, बोअरवाल्याला लगेच पटेल. नळीचे तुकडे जिथं जोडले होते तिथं बाहेरची मळसूत्री नाळ तुटत होती. त्यामुळं चुरा वर यायचा थांबला, तिथंच दाबून बसला आणि नळी आवळली गेली. चुरा बाहेर आला नाही की ताकद फुकट जाते, मग ते चंद्रावर असो नाहीतर गोठ्याच्या भिंतीत. म्हणून तर भोक पाडताना बिट मधूनमधून मागं ओढायचं असतं. पुढच्या वर्षी अपोलो १६ ला सुधारलेल्या नळ्या नेल्या, भोक व्यवस्थित पडलं, आणि जॉन यंगच्या पायात अडकून उष्णता मोजायच्या यंत्राची वायर उपटली गेली. एवढं बिनवायरचं ड्रिल चंद्रावर नेलं आणि शेवटी घात केला वायरीनंच.

खरी पायवाट पाडली ती जपानी लोकांनी. माकिता ही नागोयाची कंपनी १९१५ साली मोटरींची विक्री आणि दुरुस्ती करायला निघाली होती. १९६९ ला त्यांनी पहिलं रिचार्जेबल ड्रिल काढलं आणि १९७८ ला ७.२ व्होल्टचं निकेल-कॅडमियमवालं. ७.२ म्हणजे १.२ चे सहा सेल. तिथून आकड्यांची शर्यत सुरू झाली: ९.६, १२, १४.४, १८. प्रत्येक आकड्याला १.२ नं भागून बघा, सेल किती ते कळेल. १८ व्होल्टला तब्बल १५ सेल! हात भरून यायचा. भर पडली ती चुंबकाची. १९८० च्या दशकात निओडिमियमचं चुंबक आलं आणि तेवढ्याच मोटरीत जास्त जोर बसला.

या बॅटरीनं एक सवय मात्र मागं ठेवली. अर्धवट उतरलेली निकेल-कॅडमियम बॅटरी वारंवार चार्ज केली की ती जणू तेवढीच भूक लक्षात ठेवते आणि पुढं कमी चालते, असा अनुभव होता. म्हणून मिस्त्री सांगायचे, पार उतरव आणि मगच लाव. हा सल्ला अजून फिरतोय. लिथियमला तो मारक आहे. त्याकडं पुढं येतो.

कॅडमियम विषारी. मातीत गेलं की पिकात येतं, हे वाचकांतल्या कृषीवाल्यांना वेगळं सांगायला नको. युरोपनं २०१६ च्या अखेरीपासून बिनवायरच्या हत्यारांतूनही ते हद्दपार केलं. मधल्या काळात निकेल-मेटल हायड्राईड आलं, माकितानं १९९७ ला वापरलं, पण ते फार टिकलं नाही. त्यावर वेळ घालवत नाही.

लिथियमची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, १९८० ला जॉन गुडइनफ, १९८५ ला अकिरा योशिनो, अशा तिघांच्या हातून ती घडली, आणि २०१९ ला तिघांना मिळून नोबेल मिळालं. वाट सरळ नव्हती. कॅनडातल्या मोली एनर्जी कंपनीनं लिथियम धातूची रिचार्जेबल बॅटरी बाजारात आणली होती. १९८९ साली जपानमध्ये ती बसवलेल्या फोनला आगी लागल्या, माल परत घ्यावा लागला आणि कंपनी बुडाली. सोनीनं १९९१ ला जी बॅटरी विकायला काढली तिच्यात लिथियम धातूऐवजी कार्बन होता, म्हणून ती निभावली.

तरीही ड्रिलपर्यंत यायला आणखी एक तप गेलं. लॅपटॉपला लिथियम चालत होतं, कारण लॅपटॉप संथ पितो. ड्रिल अडकलं की एकदम वीस-तीस अँपिअर ओढतं, तेवढ्यानं तेव्हाचे सेल तापायचे. २००३ ला बॉशनं इक्सो नावाचा छोटा स्क्रूड्रायव्हर लिथियमवर काढला. २००५ ला मिलवॉकीनं २८ व्होल्टची दांडगी हत्यारं आणली, आणि त्यांचे सेल बनवले होते कुणी? त्याच मोलीच्या वारसांनी, मँगनीजवाली जरा शांत डोक्याची रसायनी वापरून. त्याच वर्षी माकिताही लिथियमवर आलं.

लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा. पाच जोडले की १८. म्हणजे जिथं १५ सेल लागायचे तिथं ५ आले. वजन उतरलं, जोर वाढला, आणि महिनाभर पडून राहिलं तरी चार्ज टिकायला लागला. माझ्या मते या यंत्राच्या इतिहासातला सगळ्यात मोठा टप्पा हाच, ब्रशलेस मोटरपेक्षाही मोठा.

आता खोक्यावरचे आकडे वाचू. लिथियमचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, चार्जरवरून काढल्यावर थोड्या वेळात चारच्या आसपास येतो आणि कामात सरासरी ३.६ देतो. पाच सेलांना गुणा: २१, २०, १८. तिन्ही आकडे एकाच बॅटरीचे! १८ पेक्षा २१ वालं जोरकस, असं दुकानदार सांगत असेल तर हसून सोडून द्या. १२ व्होल्टवाल्यात तीन सेल असतात. आणि ज्या स्वस्त संचांवर ४८ किंवा ८८ असं काहीबाही छापलेलं असतं, त्यांच्या बॅटऱ्या उघडल्या की बहुतेकदा आत पाचच सेल निघतात.

अँपिअर-तासाचंही तसंच. नेहमीचा सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, वजन पन्नास ग्रॅमच्या आत-बाहेर. पाच सेलांच्या पॅकमध्ये साधारण दोन ते अडीच अँपिअर-तास, फार तर तीन. चार-पाच पाहिजेत तर दहा सेल हवेत, म्हणजे नुसत्या सेलांचंच अर्धा किलो. हातात घेतल्यावर बॅटरी हलकी लागतेय आणि वर ६ लिहिलंय, तर आकडा खोटा.

व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास. बॅटरीची टाकी केवढी, ते हे सांगतं. १८ व्होल्ट, २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॅट-तास. समजा पीव्हीसी सबमेनला ग्रोमेटसाठी एक भोक पाडायला १०० वॅटनं पाच सेकंद लागले, तर एका चार्जमध्ये अडीचशेच्या आसपास भोकं. गळती धरून दोनशे म्हणा. छोट्या प्लॉटला पुरे. आता त्याच घराण्यातल्या बॅटरीवर ग्राइंडर लावून अँगल कापायला घ्या. ७२ वॅट-तासाची मोठी बॅटरीसुद्धा ७०० वॅटच्या ग्राइंडरला सलग सहा मिनिटं पुरते. संच घेताना ड्रिलबरोबर ग्राइंडर, करवत, ब्लोअर असं सगळं एकदम भरून घेण्याआधी हा हिशेब मांडा. ग्राइंडर वायरवालाच बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसत्या ठिबकच्या कामाला १२ व्होल्टचं लहान ड्रिलही चालतं. पॉलिहाऊसचे स्क्रू आणि लोखंडी अँगल असतील तर १८ चं घ्या, आणि स्क्रूच जास्त असतील तर इम्पॅक्ट ड्रायव्हर. सिमेंटच्या खांबाला साधं हॅमर ड्रिल रडतखडत जातं. तिथं रोटरी हॅमर लागतो.

ब्रशलेसबद्दल दोनच शब्द. जुन्या मोटरीत कार्बन घासतो, ठिणगी उडते, थोडी वीज तिथंच जाते. ब्रशलेसमध्ये ते काम इलेक्ट्रॉनिक बोर्ड करतो, तेवढ्याच बॅटरीत काम जास्त होतं आणि मोटर कमी तापते. पण बोर्ड गेला तर तालुक्याच्या गावी दुरुस्ती होईलच असं नाही, कार्बन मात्र कुठंही बदलून मिळतो. रोज वापर असेल तर ब्रशलेस. वर्षात पंधरा दिवस असेल तर कार्बनवालं घेतलं तरी काही बिघडत नाही.

द्राक्षवाल्यांसाठी एक वेगळा धागा. विजेची छाटणी कात्री आली ती ड्रिलच्या कारखान्यातून नव्हे, दक्षिण फ्रान्सच्या द्राक्षपट्ट्यातून. १९८४ साली इन्फाको या कंपनीनं ती काढली. कात्री हातात, बॅटरी अंगावर बांधलेली, मधे वायर. दिवसभर हजारो वेळा मूठ आवळून मनगट जायचं, त्यावरचा तो उपाय होता. आज नाशिक-सांगलीकडं खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या छाटणीला ज्या मुठीतल्या बॅटरीच्या कात्र्या दिसतात, त्यांची ही आजी. तिथंही हाच नियम: कात्रीचं पातं कुठंही मिळेल, तिची बॅटरी दोन वर्षांनी मिळेल का, ते विचारा.

कारण या इतिहासातला सगळ्यात महाग धडा तोच आहे. रसायन बदललं की कंपन्या बॅटरीचा सांगाडाही बदलतात. डीवॉल्टनं २०११ ला २० व्होल्टची नवी बॅटरी आणली, ती जुन्या १८ व्होल्टच्या मशीनमध्ये सरळ बसत नव्हती. वरचे आकडे आठवा, विजेच्या दृष्टीनं लिथियमच्या १८ आणि २० मध्ये काडीचा फरक नाही, पण खाचा वेगळ्या. असे संच सगळीकडं पडून दिसतात: मोटर ठणठणीत, चक घट्ट, बॅटरी बसलेली आणि तसलीच दुसरी मिळत नाही. युरोपात यावरून कंपन्यांनी २०१८ पासून गट केले. मेटाबोच्या पुढाकारानं एक, बॉशच्या बाजूनं दुसरा. गटातल्या कुणाचंही मशीन घ्या, बॅटरी एकच. आपल्याकडं अजून ज्याचा त्याचा सवतासुभा आहे. त्यामुळं दुकानात मशीनच्या आधी बॅटरीची चौकशी करा: सुटी बॅटरी आज दुकानात आहे का, कितीला, वॉरंटी मशीनपुरती की बॅटरीलाही, त्याच बॅटरीवर आणखी काय काय चालतं. सुटी बॅटरी दाखवता येत नसेल, तर तो संच एका बॅटरीच्या आयुष्यापुरता आहे असं धरून किंमत ठरवा. बॅटरीच्या तोंडाशी दोनच पत्रे आहेत की आणखी एक-दोन, तेही बघा. जादाचे पत्रे बहुधा तापमान आणि सेलची खबर चार्जरला द्यायला असतात.

घरी आणल्यावर मगाशी सांगितलेली सवय सोडा. लिथियम पार उतरवू नका, मशीनचा जोर कमी वाटला की काढून चार्जरला लावा. फवारणी पंपाच्या शिशाच्या बॅटरीचा नियम उलटा आहे. ती नेहमी भरून ठेवायची असते, नाहीतर आतून धरते. लिथियम महिनाभर वापरायची नसेल तर निम्मी भरलेली ठेवा, सावलीत. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलेली बॅटरी कामाविनाच म्हातारी होते. चार्ज करतानाही नुकतीच वापरून तापलेली बॅटरी अर्धा तास निवू द्या.

बॅटरी बसली की बाजारात सेल बदलून देणारे मिळतात. चांगला कारागीर पाचही सेल एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे टाकतो आणि संरक्षणाचा बोर्ड तसाच ठेवतो. एखादाच सेल बदलून देणाऱ्याकडं जाऊ नका, आणि बोर्डला बगल देऊन थेट जोडणाऱ्याकडं तर मुळीच नको. १९८९ च्या फोनला आग लागली होती, तशी ती कडब्याच्या गंजीशेजारीही लागू शकते. अगदीच मेलेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर आहे. नवी घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा, जुनी कुठं जमा करायची. तोवर तिच्या पत्र्यांना चिकटपट्टी लावा आणि खिळे-पान्यांच्या डब्यात टाकू नका.